हिराबागेत उतरलेली माणसं



गिरगावातून भुलेश्वरकडे जाताना सी. पी. टँक लागतं. नावात टँक असला तरी तिथे पाण्याचा थेंब नाही. कावसजी पटेल नावाच्या पारशी गृहस्थांनी अठराव्या शतकात तिथे तलाव बांधला होता. तो केव्हाच बुजला, नाव तेवढं राहिलं. या चौकात हिराबाग धर्मशाळा आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी तिचं नाव ऐकलं असेल, निदान तीर्थक्षेत्र कमिटीच्या पावतीवरचा पत्ता तरी वाचला असेल. पण हे घर कुणी बांधलं, कशासाठी बांधलं आणि तिथून काय काय घडलं, हे आमच्या बोरिवलीच्या महिला मंडळात विचारलं तर दोघी-तिघींनाच ठाऊक होतं. म्हणून आज त्याविषयी.

नावावरून सुरुवात करते. ‘बाग’ म्हटल्यावर झाडं डोळ्यांपुढे येतात, पण जुन्या मुंबईत बाग म्हणजे पुष्कळदा आवार. जवळच माधवबाग आहे. तीही मुलांनी वडिलांच्या नावे केलेली, आत लक्ष्मीनारायणाचं मंदिर. हिराबागही तशीच. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडील हिराचंद गुमानजी यांच्या नावे ती १९०५ च्या सुमारास उभारली. कुटुंब मूळचं मेवाडकडचं, मग सुरतेचं, हुमड दिगंबर जैन. १८६० च्या दशकात, म्हणजे अमेरिकेतल्या लढाईमुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता त्या काळात, ही मंडळी मुंबईत आली. मुलांनी मोती ओवण्याच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढे मोत्यांचे मोठे व्यापारी झाले. माणिकचंदांचा जन्म १८५१ चा आणि मृत्यू १९१४ चा. शिक्षण बेताचं, पण दान करताना हिशोब पक्का. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, त्यामुळे मला या माणसाविषयी पहिल्यापासून कौतुक आहे. कुठे पैसा घातला म्हणजे तो पन्नास वर्षं काम करत राहील, हे त्यांना कळत होतं.

आता धर्मशाळाच का बांधली? त्यासाठी त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणायला हवी. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. गावोगावी परतणाऱ्यांची रांग लागली, स्टेशनांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती कमी भरली. मुंबईची माणसं कमी झाली, असं फार थोड्या वेळा घडलंय. अशा शहरात परगावचा यात्रेकरू आला तर त्याला कोण घरात घेणार? चाळीत एका खोलीत सात-आठ माणसं. भाड्याच्या उतारघरात कोण शेजारी असेल, भांडी कशात घासली असतील, सांगता येत नाही.

आणि यात्रेकरूंना मुंबई टाळता येत नसे. आमच्या सांगली-कोल्हापूरकडून शिखरजीला जायचं तर मिरजेहून मीटरगेज गाडी, पुण्याला बदल, मग बोरीबंदर आणि तिथून हावड्याच्या मेलने पारसनाथ स्टेशन. गिरनारला जायचं तर बोरीबंदरला उतरून दुसऱ्या रेल्वेच्या स्टेशनावर जायचं, म्हणजे आधी ग्रँट रोडकडे आणि १९३० नंतर बॉम्बे सेंट्रलला. सामान, म्हाताऱ्या, पोरं घेऊन. सी. पी. टँक या दोन्ही टोकांच्या मधे पडतं. शिवाय गुलालवाडीचं नि भुलेश्वरचं दिगंबर मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी न घालणाऱ्या बाईला याचं मोल विचारा.

माझ्या आत्या या वाटेने दोनदा शिखरजीला गेल्या. त्यांच्या बोलण्यात मुंबई म्हणजे राणीचा बाग किंवा चौपाटी नसे. मुंबई म्हणजे ‘एक रात्र हिराबाग’. बरोबर काय नेत, त्याची यादी त्यांना तोंडपाठ होती: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तांब्याची कळशी, पितळी डबा, पाणी गाळायचं दुपदरी कापड आणि दळलेलं पीठ. पिठाची मर्यादा मोजून निघायचं. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. म्हणून यात्रा शक्यतो थंडीत. आपल्याकडे ‘हिवाळ्यात यात्रा बरी’ म्हणतात त्यात हवेइतकाच वाटा पिठाचाही आहे.

हॉटेलात न जेवता धर्मशाळेतच का उतरायचं, हे नातवंडांना समजावताना मला नेहमी घड्याळापासून सुरुवात करावी लागते. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गाडी चारला आली, सामान उतरवून घोडागाडीने चौकात यायला पाच. आता एका तासात चूल पेटवून, भात टाकून, सगळ्यांना वाढून पानं उचलायची. जी जागा आल्या आल्या चूल, पाणी आणि स्वच्छ कोपरा देईल तीच आपल्या उपयोगाची. साताला गरम जेवण देणारं कितीही चांगलं हॉटेल आपल्या दृष्टीने उपाशी ठेवणारंच.

पाण्याचं तर त्याहून अवघड. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आलं, तानशाचं १८९२ मध्ये. घरोघरी नळ झाले, सगळ्यांना आनंद झाला, पण आपल्या बायकांपुढे वेगळाच पेच पडला. पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या पाण्यातून आले तिथेच परत सोडायचे असतात. विहिरीचं पाणी असेल तर कापड उलटं करून विहिरीत सोडलं. नळात कसं सोडणार? म्हणून जुन्या वळणाच्या कितीतरी बाया विहिरीचंच पाणी धरून बसल्या. त्यातच १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला. डास घरातल्या विहिरींत वाढतात, विहिरी बंद करा, असं त्यात होतं. महापालिकेने विहिरी झाकायला नि बुजवायला सुरुवात केली. पारशी लोकांनी विहीर पवित्र म्हणून हरकत घेतली, हे पुष्कळांना माहीत असतं. आपल्या बायकांची अडचण मात्र कुठल्या अर्जात आली नाही. ती स्वयंपाकघरातच राहिली आणि तिथेच हळूहळू मिटवून टाकली गेली. डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही. मलेरियाने माणसं मरत होती. पण अहिंसेचा एक नियम एका पिढीत नळाने बदलून टाकला आणि त्याची नोंदही झाली नाही, याची मला चुटपुट लागते.

असो. हिराबाग नुसती झोपायची जागा राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. या घरात आणखी एक पाहुणा आला आणि तो मुक्कामालाच राहिला. तो म्हणजे पुस्तकं.

नाथूराम प्रेमी हे मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातल्या देवरीचे. नोकरीच्या निमित्ताने मुंबईत आले आणि १९१२ मध्ये त्यांनी ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय’ काढलं. पत्ता: हिराबाग, गिरगाव, मुंबई. पहिलं पुस्तक होतं ‘स्वाधीनता’, म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यावरच्या निबंधाचं महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेलं हिंदी भाषांतर. गंमत बघा, खालून यात्रेकरू गाठोडी घेऊन चाललेत, पितळी भांड्यांचा आवाज येतोय, आणि त्याच पत्त्यावरून इंग्रज तत्त्वज्ञाचं पुस्तक हिंदीत बाहेर पडतंय. पुढे जैनेंद्रकुमारांची ‘परख’ ही कादंबरी याच प्रकाशनाने काढली, शरदबाबूंची बंगाली पुस्तकं हिंदीत आणली. हिंदी वाचणाऱ्या उत्तर हिंदुस्थानाला मुंबईची ही धर्मशाळा पुस्तकाच्या पहिल्या पानावरून ठाऊक झाली.

आपल्या दृष्टीने त्याहून मोठं काम दुसरं. १९१४ मध्ये माणिकचंद गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ‘माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला’ सुरू झाली. प्रेमीजी तिचे मंत्री. संस्कृत-प्राकृत-अपभ्रंश ग्रंथ शोधून, तपासून छापायचे आणि फक्त खर्चाच्या किमतीत विकायचे. नफा शून्य. हे वाचायला सोपं वाटतं, पण त्या काळी शास्त्र छापायलाच आपल्यात मोठा विरोध होता. छापखान्यात शाईत काय असतं, रुळाला कातडं असतं, छापलेलं पान कुणाच्याही हाती जाईल, रद्दीत जाईल, शास्त्राची आशातना होईल, असं म्हणणारे थोडे नव्हते. हस्तलिखितं मंदिराच्या कपाटात बंद, वर्षातून एकदा श्रुतपंचमीला ऊन दाखवायचं, पूजा करायची, परत बांधून ठेवायची. ज्यांना वाळवी लागली ती गेली. प्रेमीजींनी आणि त्यांच्यासारख्यांनी बोलणी खाल्ली म्हणून आज आपण स्वाध्यायाला पुस्तक हातात धरून बसतो.

या ग्रंथमालेत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. पुष्पदंताचं अपभ्रंश ‘महापुराण’ प. ल. वैद्य यांनी संपादित केलं. ते आमच्या सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकवत असत, नंतर पुण्याला गेले. तीन मोठे खंड १९३७ ते १९४१ या काळात निघाले. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहिलेला कवी. ‘वरांगचरित’ हे तर जवळजवळ विसरलं गेलेलं काव्य. कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन मठातल्या ताडपत्रांवरून डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी ते उजेडात आणलं, कर्ता जटासिंहनंदी असल्याचं दाखवून दिलं, आणि १९३८ मध्ये ते याच मालेत छापलं गेलं. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवणारे. कोल्हापूरच्या मठातलं ताडपत्र नि मुंबईच्या धर्मशाळेतलं कार्यालय यांची अशी गाठ पडली. आत्या कळशी घेऊन जिथे एक रात्र काढत होत्या, तिथूनच जटासिंहनंदी पुन्हा प्रवासाला निघाले.

हिराबागेत सभागृहही होतं. दक्षिण आफ्रिकेतून गांधीजी ९ जानेवारी १९१५ ला मुंबईत उतरले. त्या आठवड्यात त्यांचे सत्कारावर सत्कार झाले. पेडर रोडला पेटिटांच्या बंगल्यावर श्रीमंती थाटाचा समारंभ झाला, आणि १३ तारखेला बॉम्बे नॅशनल युनियनने हिराबागेत सभा घेतली. तिला लोकमान्य टिळक हजर होते. टिळक मंडालेहून सुटून वर्षही झालं नव्हतं. दोघे एका छताखाली आले ते आपल्या धर्मशाळेच्या, याचा मला साधा अभिमान वाटतो. मात्र अभिमानात वाहून जाऊन काहीजण गांधीजी हिराबागेत राहिले होते असं सांगतात, त्याला मी मान डोलावत नाही. सभा झाली, एवढंच मी सांगेन.

त्यापुढची गोष्ट मला जास्त आवडते. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी व्रत घेतलं: दिवसात पाचपेक्षा जास्त पदार्थ नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवण नाही. कारण काय, तर ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून उतरायचे ते यजमान त्यांच्या फळं-सुक्यामेव्यासाठी घरच्या बायकांना रात्रंदिवस राबवत, हे त्यांनी पाहिलं होतं. रात्रिभोजनत्याग आपण जीवहिंसा टाळण्यासाठी करतो. पाहुण्याने स्वयंपाकघरातल्या बाईला सुट्टी द्यावी म्हणूनही तो करता येतो, हे मला गांधीजींमुळे सुचलं.

टिळकांचं मुंबईतलं उतरण्याचं ठिकाण क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह. तेही खासगी, घरगुती वळणाचं लॉजिंग. १ ऑगस्ट १९२० ला तिथेच त्यांचं निधन झालं. लोकमान्यांचा शेवट स्वतःच्या वाड्यात नाही, उतारघरातल्या खोलीत झाला. मुंबईचा इतिहास लिहिताना गव्हर्नरचे बंगले येतात, पण खरी वर्दळ अशा ठिकाणी होती.

आता बायकांचं बोलू. शिकणाऱ्या मुलांसाठी माणिकचंदांनी वडिलांच्याच नावे तारदेवला बोर्डिंग काढलं. गावाकडचा मुलगा कॉलेजात जाईल तर जेवणाखाणाचं काय, हा प्रश्न सुटला. मुलींसाठी मात्र काही नव्हतं. ते झालं माणिकचंदांच्या घरातल्या दुःखातून. त्यांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळात पुढचं ठरलेलंच असे: कोपरा, पांढरं लुगडं आणि उपवास. माणिकचंदांनी मुलीला शिकायला बसवलं. मगनबाईंनी पुढे श्राविकाश्रम चालवला, मुंबईत तारदेवच्या जुबिलीबागेत. विधवा, परित्यक्ता, शिकू पाहणाऱ्या बाया तिथे राहू लागल्या. त्यांच्याबरोबर सोलापूरच्या कंकुबाई आणि ललिताबाई होत्या. बाई घराबाहेर झोपू शकते, आणि तरीही तिची अब्रू नि तिचा चौका शाबूत राहतो, हे समाजाला पटायला धर्मशाळांनी आधी जमीन तयार केली होती. हिराबागेत नवऱ्याबरोबर एक रात्र राहून आलेली सासू, सुनेला श्राविकाश्रमात ठेवायला थोडी कमी घाबरली असेल, असं मला वाटतं. मगनबाई १९३० मध्ये गेल्या. आपल्या मंडळांच्या भिंतींवर त्यांचा फोटो मी फारसा कुठे पाहिला नाही.

पण सगळं गोडगोड लिहून चालणार नाही. ज्या शुद्धतेसाठी ही घरं बांधली, तिच्यातच दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची सोय होती. आपलीच नाही, भाटियांची, ब्राह्मणांची, सगळ्यांचीच घरं अशी जातवार होती. आपल्यातलं एक उदाहरण सांगते, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचं. कुंभोजचा एक विद्यार्थी, भाऊराव पाटील, अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या, मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध हो मगच जेवायला ये, असं सांगितलं गेलं. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तेच पुढे कर्मवीर झाले. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. त्या पंगतीला वाढलं कुणी? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आपल्यासारख्याच सोवळ्यात वाढलेल्या जैन बाईने. मुलांच्या अन्नासाठी दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्याही १९३० मध्येच वारल्या. मगनबाई नि लक्ष्मीबाई एकमेकींना भेटल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, असं मनात येतं.

आजचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या मंडळाकडे यात्रा-निवासासाठी थोडी देणगी जमली आहे. एका बाजूचं म्हणणं, एका तीर्थावर नवीन भवन होतंय, तिथे वातानुकूलित खोलीला द्यावी, दारावर मंडळाच्या नावाची पाटी लागेल. दुसऱ्या बाजूला मी नि आणखी चौघी. आमचं म्हणणं, जुन्या धर्मशाळेच्या चालू खर्चाला द्यावी. जुन्या इमारतींची रचनाच अशी असे की खाली दुकानं नि गाळे, वर खोल्या. भाड्यातून दिवाबत्ती, झाडलोट, दुरुस्ती. मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना आसरा मिळाला, हे खरं. पण ज्या दानाचं उत्पन्नच भाडं होतं त्याचं काय झालं असेल, हे ताळेबंद वाचता येणारीला सांगायला नको. छप्पर गळू लागलं की आपण नावं ठेवतो, ‘शी, धर्मशाळेसारखं.’ खोली बांधायला दाता मिळतो, गादीचा कापूस पिंजायला नाही मिळत.

सुना म्हणतात, ‘आई, आता फोनवर खोली मिळते, जैन जेवणही मिळतं.’ मिळतं, मी नाकारत नाही. मीही परवा अशीच खोली घेतली, पलंग मऊ होता. पण साडेपाचला जेवण मागितलं तर स्वयंपाकघर साताला सुरू होतं असं उत्तर आलं, आणि मी बरोबरच्या डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

दशलक्षणानंतर मंडळाची बैठक आहे. मी दोन जुन्या धर्मशाळांच्या व्यवस्थापकांकडून लेखी मागवलं आहे: गाद्या किती, गाळणी बसवलेल्या टाक्या किती, संध्याकाळी पाचला चूल पेटते का, आणि एकट्या बाईला खोली देतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकाकडून आलंय. देतात.